टाचेला बोटभर मलम

(दुपारची शांत खोली. मलमाच्या डबीचं झाकण फरशीवर पडतं, गोल गोल फिरत पलंगाखाली जातं आणि थांबतं.)

आई: काय पडलं?

आत्या: झाकण. तू डोळे मिटूनच बस. जाऊन जाऊन पलंगाखालीच गेलंय, नंतर काढीन. मान सरळ ठेव वहिनी. अशी खाली घातलीस की मला हनुवटीच दिसत नाही.

आई: किती वाजले?

आत्या: आत्ता तर विचारलंस. साडेचार. दादा भिंगरीला पाचला घेऊन येतोय, आणि तो म्हणाला पाच म्हणजे पाच. माझ्यासारखं थोडंच आहे, "निघालेच" म्हणायचं आणि मग आंघोळीला जायचं.

आई: हसवू नकोस. ओठ फाटतात.

आत्या: म्हणून तर आधी ओठ. तोंड जरा उघडं ठेव. हं. मी घासत नाहीये, नुसतं टेकवतेय. दोन बोटांत धरून आधी ऊब द्यायची, म्हणजे मलम आपण होऊन पसरतं. दुखलं तर सांग.

आई: दुखत नाही. तिथलं फारसं कळतच नाही अजून. तुझ्या पेटीतलं काही का काढत नाहीस? नवऱ्यामुलींना थापतेस ते, कातडीच्या रंगाचं?

आत्या: फाउंडेशन?

आई: तेच. थोडं. या डाव्या गालावरचे डाग तेवढे झाकले जातील.

आत्या: डॉक्टरीणबाईंनी काय बजावलंय? ही कातडी अडीच महिन्यांची आहे. अडीच महिन्यांच्या बाळाला जे लावणार नाही ते हिलाही लावायचं नाही. मी पेटी आणलीच नाही. आणली असती तर तू मला गोड बोलून उघडायला लावली असतीस, मला माहितीये ना.

आई: मग नुसत्या मलमाने काय होणार?

आत्या: काय होणार म्हणे! कोण बोलतंय बघा. बारा वर्षं या घरात काय चाललंय? ओठ फुटले, लाव मलम. टाचा भेगाळल्या, लाव मलम. केस उडतायत, भुवया विस्कटल्यात, बूट चावलाय, कोपरं काळी पडलीत, मलम, मलम, मलम! मी भिंतभर बाटल्या मांडून बसायची आणि तू यायचीस कोपऱ्यावरच्या औषधवाल्याची एक डबी घेऊन. सगळ्या गिऱ्हाइकांना सांगायची मी, आमच्या वहिनीचं अख्खं पार्लर एका डबीत मावतं.

आई: आणि आज पार्लरवालीचंही.

आत्या: हो बाई. फेडायला लावलंस. आता भुवया. उजवी आधी.

आई: आहेत का भुवया?

आत्या: आहेत. नवीन येतायत. बारीक आहेत, पण मलमाने एका दिशेला बसवल्या की रेघ दिसते. काजळाने काढलेल्या भुवईपेक्षा बरी. मूल जवळून बघतं गं, मोठ्यांसारखं लांबून नाही. काढलेली भुवई त्याला लगेच कळते.

आई: फोनवर लांबूनच बघितलं होतं तिने. तरी...

आत्या: ते सोड आता.

आई: तू होतीस ना तिच्याशेजारी. मला नीट दिसलंही नव्हतं, डोळ्यांत औषध होतं. मी म्हटलं, "भिंगरे, बघ कोण आहे!" आणि पडद्यावर नुसता तुझा दंड. ती मागे लपली होती ना?

आत्या: झोपेतून उठली होती.

आई: माझ्याशी खोटं बोलू नकोस. लपली. त्यानंतर मी चेहरा दाखवलाच नाही. नुसतं बोलायची. पण तोंडात फोड आलेले, आवाज तरी कुठे माझा होता? तुझा दादा म्हणाला, ती विचारत होती, या काकू रोज का फोन करतात.

आत्या: दादाला काय गरज होती हे सांगायची.

आई: एक गोळी गं. दाढदुखीची. शेजारच्या बाई महिन्यात चार घेतात. मी एक घेतली, कारखान्यात दिवसभर काजं करायची होती, दुखणं घेऊन सुई कुठे धरणार? तिसऱ्या दिवशी अंग भाजल्यासारखं सोलून निघालं. सगळं गेलं. चेहरा गेला, आवाज गेला, नखं गेली. तुला सांगू, मी तिथे पडल्या पडल्या काय हिशोब करायची?

आत्या: काय?

आई: काय काय उरलंय याचा. वास उरलाय. मी म्हणायची, माझा वास तर तोच आहे. ती लहान असल्यापासून रोज रात्री मी तिला याच डबीतलं लावतेय. तिच्यासाठी आईचा वास म्हणजे हाच, मेणाचा. ती आली की मी काही बोलणार नाही. हात पुढे करीन. ती डोळे मिटून वास घेईल आणि ओळखेल. मांजराची पिल्लं ओळखतातच ना?

आत्या: ओळखतात.

आई: काय झालं? हात का थांबला?

आत्या: काही नाही. मलम संपत आलंय, कडेचं काढतेय.

आई: संपत आलंय? दाखव डबी.

आत्या: डोळे उघडू नकोस, आत जाईल.

आई: दाखव म्हणते ना. ही तर आपल्याच कपाटातली आहे. हिच्या बुडाला पोचा आहे. ही मी दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी आणली होती. एक बोट घेतलं होतं फक्त. भरलेली होती.

आत्या: वहिनी, वेळ जातोय. दुसरी भुवई करू दे.

आई: मी घरात नव्हते. तुझा दादा मलम लावत नाही. भिंगरीला पाच बोटं पुरतात. अडीच महिन्यांत ही डबी तळाला कशी गेली?

आत्या: मी लावलं.

आई: तू? तू या मलमाला "गाडीचं वंगण" म्हणायचीस.

आत्या: पहिली रात्र आठव. म्हणजे, तुला कुठून आठवणार. दादा तुझ्याबरोबर होता आणि ही माझ्याकडे. रडून रडून निळी पडली. तुझी उशी आणून दिली, तर उशीत तोंड खुपसून हुंगत होती आणि परत रडत होती. मग मला डबी दिसली. तिला लावलं. तरी थांबेना. मग मी माझ्या गळ्याला लावलं, मनगटांना लावलं. तशी माझ्या गळ्यात नाक घालून पाच मिनिटांत झोपली. मला वाटलं, देवा, सुटले!

आई: मग?

आत्या: मग रोज. रात्री तर रात्री. पुढे पुढे दिवसाही रडायची, पार्लरमध्ये, तर सकाळी निघतानाही मी लावायला लागले. गिऱ्हाइकं विचारायची, ताई, नवीन सेंट का?

आई: बरं केलंस की. पोर शांत राहिली. मी कशाला रागवेन? एवढ्यासाठी का तोंड असं केलंस?

आत्या: एवढंच नाही.

आई: बोल.

आत्या: ती मला आई म्हणते.

आई: तुला?

आत्या: एके दिवशी एका बाईचे केस कापत होते. ही केस वाळवायच्या मशीनच्या टोपीखाली बसली होती खेळत. तिथून हाक मारली, "आई, पाणी." मी म्हटलं, आत्या म्हण. पहिल्यांदा म्हटलं. दुसऱ्यांदाही म्हटलं. तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा मी पाणी दिलं.

आई: सुधारलं नाहीस.

आत्या: नाही.

आई: किती दिवस झाले?

आत्या: महिना. वर थोडे.

आई: तुझ्या दादाने ऐकलंय?

आत्या: ऐकलंय. जिन्यात जाऊन बसला. बराच वेळ बसला.

आई: मी तिथे चादर अंगाला चिकटू नये म्हणून रात्रभर जागी असायची. तुला कळतंय का? हीच डबी मनात धरून पडले होते मी. म्हणायची, बाकी सगळं जाऊ दे, वास आहे. आणि तू तोच अंगाला लावून माझ्या मुलीची आई होऊन बसलीस?

आत्या: हो.

आई: हो काय? भांड तरी!

आत्या: कशावरून भांडू? मला आवडलं वहिनी. ते खोटं कसं सांगू? माझ्या गळ्यात कुणी नाक घालून झोपलंय, मला कुणी आई म्हणतंय, मला आवडलं. तू तिथे सोलून पडलेलीस आणि मला इथे आवडत होतं. रोज सकाळी डबी उघडताना हाताला लाज वाटायची, आणि तरी उघडायची.

आई: जा तू.

आत्या: जाते.

आई: ती यायच्या आत जा. मागच्या जिन्याने. मला ती तुझ्याकडे धावलेली बघायची नाही.

आत्या: धावणार नाही. तीन दिवस झाले, मी मलम बंद केलंय. साबणाने घासून घासून काढलं, हे बघ, मनगटं लाल झालीयेत. तुला सोडणार कळलं त्याच दिवशी. म्हटलं, वास तुझ्याकडे परत गेला पाहिजे. ती दादाकडे झोपते आता.

आई: झोपते?

आत्या: नाही. रडते.

आई: तीन रात्री?

आत्या: तीन रात्री. माझ्याजवळ येते, गळ्याला नाक लावते, आणि परत जाते. नुसती परत जाते. जाते मी. ही एक भुवई राहिलीये तेवढी करू? एक बसवलेली आणि एक उभी, पोर घाबरेल.

आई: कर. पटकन कर आणि जा.

आत्या: वर बघ. नको, डबी बघायला लावलेला तो गॉगल काढ आधी.

आई: उजेड टोचतो.

आत्या: पडदा ओढलाय मी. घरात काळा गॉगल लावून बसलेल्या बाईजवळ कुठलं मूल जाईल? हं, आता दिसलीस. गालाला वरच्या बाजूने देते थोडं. इथे हाडावर मलम असलं की खिडकीचा उजेड धरतं, गाल भरल्यासारखा वाटतो. एवढी एकच युक्ती आहे माझी जी या डबीत मावते.

आई: तिला लावायचीस तेव्हा कसं लावायचीस?

आत्या: तिनेच शिकवलं. चार बोटं. ओठांचं हसायला, नाकाचं वासाला, कोपराचं टेकायला, गुडघ्याचं पडायला.

आई: आणि?

आत्या: आणि काय?

आई: मग पुढे?

आत्या: चारच झाली की. पण रोज म्हणायची, "अजून एक राहिलं." मी विचारायची, कुठे गं? तर पाय पांघरुणात ओढून घ्यायची. "ते तुझं नाही," म्हणायची. मी किती वेळा विचारलं. गालाला का? कानाला का? नुसती मान हलवायची. आई म्हणून हाक मारायची मला, आणि ते एक काही सांगायची नाही.

आई: पाय ओढून घ्यायची?

आत्या: दोन्ही. पोटाशी. असे हातांनी धरून. का गं? वहिनी, काय झालं? डोळे दुखतायत?

आई: रडायचंय मला. डोळ्यांत पाणीच येत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, येईल कधीतरी, किंवा नाही येणार.

आत्या: थांब, ते थेंब घालते. मागे टेक. एक. दुसरा. हं. आता रड.

आई: वेडी आहेस तू.

आत्या: वाहू दे. मलमावरून घरंगळतं पाणी, मेण आहे ना. बिघडणार काही नाही.

आई: त्या घड्याळात किती झाले?

आत्या: पाचला पाच. निघते मी. झाकण राहिलं पलंगाखाली, दादाला सांग काढायला.

आई: नणंदबाई.

आत्या: काय?

आई: इकडे ये. हात दे.

आत्या: कशाला?

आई: दे म्हटलं ना. मनगट वर कर. केवढं घासलंस गं हे. कातडीची किंमत विचार मला, अशी उधळतात होय?

आत्या: वहिनी, नको. हे तुझ्यासाठी ठेवलंय. शेवटचं आहे.

आई: नवी डबी मिळते कोपऱ्यावर. तीन रात्री तिने कुणाच्याच वासाशिवाय काढल्यात. एक गेली, मग दुसरीही गेली. एवढ्याशा जिवाने किती हुंगत फिरायचं? दुसरा हात दे. आणि गळ्याला तुझं तू लाव, माझी बोटं अजून पोचत नाहीत तिथे.

आत्या: तुझी बोटं दुखत असतील.

आई: नखं नसली की सगळं जास्त लागतं. घाबरू नकोस. ऐक, पायऱ्यांवर कुणीतरी आहे.

आत्या: तीच आहे. एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवते. दादा खाली थांबलाय, मी म्हटलं होतं त्याला, एकटीलाच पाठव वर. मी दार उघडते. नंतर आतल्या खोलीत जाऊ?

आई: नको. इथेच बस. तिला दोघी दिसू देत.

आत्या: ये गं भिंगरे. ये. बूट काढ. अशी दारात का उभी?

भिंगरी: बाबा म्हणाले, वर आई आहे.

आत्या: हो.

भिंगरी: तू तर इथे आहेस. आणि ती कोण?

आत्या: तूच बघ. जवळ जाऊन बघ. ती काही करत नाही.

भिंगरी: तुझ्या तोंडावर ढग आहेत.

आई: हो. पांढरे पण आहेत आणि काळे पण.

भिंगरी: दुखतात?

आई: आता नाही दुखत.

भिंगरी: तू फोनवाली काकू आहेस?

आई: फोन मीच करायची.

भिंगरी: तुझ्या बोटांना नखं नाहीत.

आई: येतील. तुझे दात कसे आले, तशी. हात लावून बघतेस?

भिंगरी: मऊ आहे. याला आईचा वास येतोय. हिच्या हाताला पण येतोय परत! काल नव्हता. कुठे गेला होता वास?

आत्या: मी धुवून टाकला होता. चुकलं माझं.

भिंगरी: मग आता दोघींना येतोय.

आई: हो. दोघींना येतोय.

भिंगरी: तुला बोटं लावता येतात?

आई: येतात. बस इथे. ओठांचं?

भिंगरी: हसायला.

आई: नाकाचं?

भिंगरी: वासाला. कोपराचं टेकायला. गुडघ्याचं पडायला. हे सगळं हिला पण येतं.

आई: हो, तिला छान येतं.

भिंगरी: झालं?

आई: नाही. अजून एक राहिलं.

भिंगरी: कुठलं?

आई: मोजा काढ.

भिंगरी: हा?

आई: काढ ना. हा नाही, डावा. बूट डाव्यालाच चावायचा ना? दे इकडे टाच. डबीत किती उरलंय बघू. बोटभर आहे अजून. टाचेचं...

भिंगरी: टाचेचं आईकडे पळायला.

आई: हं.

भिंगरी: हे मी हिला नाही सांगितलं.

आई: मला कळलं ते.

भिंगरी: हळू लाव. गुदगुल्या होतात.

आई: हळूच लावतेय.

भिंगरी: आई.

आई: काय गं?

भिंगरी: मी आत्याला आई म्हणायची ना, खूप दिवस, तेव्हा तू कोण होतीस?